खंड पडू देऊ नये

वामन गंभिरे जाऊन तीन वर्षं झाली होती. तरी तो आज कसा आहे, ते रोज सकाळी सहा वाजता कुमुदच्या फोनवर येत असे.

‘वामन सोपान गंभिरे : आज शांत.’

तो निरोप बंद करायला एका अर्जावर बायकोची सही लागत होती. अर्ज कुमुदच्याच टेबलाच्या खणात पडून होता, कारण ज्या केंद्रातून हा निरोप निघायचा तिथंच ती आता नोकरीला होती. सही करायला पेन उघडलं की तिला वाटायचं, उद्या सकाळी सहाला फोन गप्प राहिला तर? मग ती पेन मिटून ठेवायची.

हे यंत्र काय होतं ते आधी सांगायला हवं. पूर्वरंगाशिवाय आख्यान लागत नाही.

योजनेचं नाव ‘पहारा’. मनगटाला एक पट्टा बांधायचा, तो नाडी बघतो. निरोगी माणसाचं काळीज घड्याळासारखं टिकटिकत नाही. श्वास आत घेतला की ठोके जरा जवळ येतात, सोडला की लांब जातात. दोन ठोक्यांतलं अंतर सतत झुलत असतं. मन फार दिवस खचलेलं असलं की बऱ्याच जणांचा हा झोका कमी होत जातो आणि ठोके एका मापाचे पडायला लागतात. त्यातच झोप तुटते, हातांना अवेळी घाम येतो, कातडीची ऊब दिवसरात्र एकच राहते. अशा लाखो माणसांचे आलेख यंत्राला दाखवले होते, आणि त्यांतली काही माणसं पुढे स्वतःच्या हातानं गेलेली होती. दुःख म्हणजे काय हे यंत्राला ठाऊक नाही. हा आलेख त्या आलेखासारखा दिसतोय, एवढंच त्याला कळतं. साम्य वाढलं की केंद्रातल्या पडद्यावर त्या माणसाच्या नावापुढं लाल ठिपका लागतो.

पहिल्या वर्षी पट्टा माणसाचं बोलणंही ऐकायचा. बार्शीत पहिल्याच आठवड्यात साडेचार हजार लाल ठिपके लागले. ‘मरू दे ते’, ‘मेले बाई चालून चालून’, ‘जीव खाऊ नकोस माझा’ असं भाजी घेतानाही म्हणणाऱ्या लोकांपुढं यंत्र पार वेडं झालं. शेवटी इंजिनियरांनी त्याचे कान काढून टाकले आणि नुसती नाडी ठेवली.

वामनला ठिपका लागला तो या नाडीवरूनच, आणि खरा लागला. चाळीस दिवस घरच्यांनी त्याच्यावर डोळ्यांचा पहारा ठेवला. वामनचा धाकटा भाऊ अच्युत सकाळी सहापासून एकपर्यंत बसायचा, एकनंतर कुमुद. वामन हसून म्हणायचा, “अरे, मयताजवळ बसल्यासारखे काय बसता रे आळीपाळीनं?” एक्केचाळिसाव्या दिवशी अकरा वाजता त्याची नाडी झुलायला लागली आणि ठिपका हिरवा झाला. एक वाजता अच्युत कामावर गेला. कुमुद एक चाळीसला घरी पोचली. तेव्हा उशीर झाला होता.

अस्वस्थ माणूस एकाएकी शांत झाला तर कधीकधी त्यानं मनाशी काही ठरवलेलं असतं, हे डॉक्टरांना माहीत होतं. यंत्राला माहीत नव्हतं. ते त्याला शिकवलं गेलं ते वामनसारख्यांच्या शेवटच्या तासांवरून. त्याचे अकरा ते एक हे दोन तास यंत्राच्या आत नमुना क्रमांक ४४१७ होऊन बसले. अशा प्रत्येक तुकड्याला माणसानं खूण लावायची असते, आणि खुणा चारच होत्या. अस्वस्थ. शांत, आरामामुळे. शांत, निर्णयामुळे. माहीत नाही.

चौथी खूण कुणी वापरत नसे. जास्त वापरली की केंद्रप्रमुख शहाडे म्हणायचे, “माहीतच नसेल तर पगार कशाचा घेता, बाई?”

कुमुद केंद्रात लागली तेव्हा पहिल्याच महिन्यात ४४१७ तिच्या पडद्यावर आला. नाव झाकलेलं होतं, पण तारीख दिसत होती. तिनं ‘शांत, निर्णयामुळे’ दाबलं आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. ज्यांचा पट्टा कायमचा निघालेला असतो त्यांच्या घरी शेवटच्या तुकड्यावरच्या खुणेचा पहिला भाग तेवढा जातो. म्हणून रोज सकाळी ‘शांत’.

चैत्रातला मंगळवार. दुपारचा दीड वाजला होता. पडद्यावर नवा लाल ठिपका लागला. अच्युत सोपान गंभिरे.

कुमुदनं नाव दोनदा वाचलं. शहाडे मागून आले.

“तुमचे दीर ना? मग तुम्ही हात लावायचा नाही. नियम आहे.”

“फोन तरी करू द्या, सर.”

“यंत्रानं निरोप पाठवलाय. त्यांनी विश्वासू माणूस म्हणून ज्याचं नाव दिलंय, त्याला.”

“कुणाचं दिलंय?”

“आबा नलवडे. कोण हे?”

“तेलगिरणीमागच्या विठ्ठल मंदिराचे. सप्ताह बघतात.” कुमुदला नवल वाटलं. वामन गेल्यापासून अच्युतनं मंदिराचा उंबरा ओलांडला नव्हता. त्याचा मृदंग तिच्या माळ्यावर गोधडीत गुंडाळून पडला होता. आणि विश्वासू माणूस म्हणून आबा?

तिनं अच्युतला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिनं केंद्राचा पडदा जिच्यावर दिसतो ती टेबलावरची पाटी उचलून पिशवीत टाकली आणि स्कूटर काढली.

अच्युत विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून द्यायच्या ठाण्यावर कामाला होता. ठाण्यावरचा फकीरभाई म्हणाला, “सकाळी आला, सगळ्यांची हत्यारं पुसून जागच्या जागी ठेवली. माझे उसने घेतलेले हातमोजे धुऊन परत दिले. म्हटलं, अरे, आज काय दिवाळी? नुसता हसला. मग कुणाचा तरी फोन आला, त्याच्यावर खेकसला. फोन बंद करून खिशात घातला आणि गेला मंदिराकडं.”

हत्यारं पुसून ठेवली. कुमुदनं तशीच स्कूटर वळवली. वामननंही त्या सकाळी कपाट आवरलं होतं.

मंदिरापुढं मांडव होता. सप्ताहाचा दुसरा दिवस. दुपारची वेळ म्हणजे ऐकायला कुणी नाही. दोन म्हाताऱ्या खांबाला टेकून पेंगत होत्या आणि पंखा उगाच फिरत होता. पांडुरंगापुढं एक माणूस गळ्यात वीणा घालून उभा होता. एका बोटानं तार छेडत, डोळे अर्धे मिटून तो नाम घेत होता.

तो अच्युत होता.

सप्ताहातल्या वीणेची गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायची तर, सात दिवस सात रात्री ती वीणा वाजती राहते आणि जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचा पहारा असतो, मांडवात त्याला ‘पारा’ म्हणतात. पुढचा माणूस येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. पुढचा आला नाही तर आधीचा उभाच राहतो. घड्याळात किती वाजले याला तिथं अर्थ नसतो.

आबा नलवडे सभामंडपाच्या पायरीवर वही घेऊन बसले होते. वय सत्तरीच्या पुढं, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. कुमुदला बघून ते खुशीत आले.

“या, गंभिरेबाई! तुमच्या हापिसाचं लई चांगलं काम बघा. सरकारला आता सप्ताहाची बी काळजी लागली!”

“कसली काळजी, आबा?”

त्यांनी फोन पुढं केला. कारण लिहायचं नाही असा गोपनीयतेचा नियम असल्यामुळं यंत्राचे निरोप तुटक असत. कुमुदनं वाचलं.

‘पहारा : अच्युत सोपान गंभिरे. आजपासून सात दिवस. खंड पडू देऊ नये.’

“म्हटलं, खंड कसा पडू देईन? आमच्या आजापासून पडला नाही,” आबा म्हणाले. “लगेच फोन लावला पोराला. म्हटलं, तुझं नाव वरून आलंय. तर माझ्यावरच वसकन ओरडलं, मला नाही यायचं म्हणून. मी म्हटलं, ते इथं येऊन धोंडूतात्याला सांग. त्याचे गुडघे गेलेत, बारापासून उभा हाय, आणि दोनचा माणूस लग्नाला गेलाय. नाही म्हणायला आलं आणि तात्यानं वीणा गळ्यात घालून पाय धरले. आता काय करतंय? राहिलं उभं.”

कुमुदला हसू आलं. ती पायरीवर बसली.

पिशवीतल्या पाटीनं आवाज केला. तिनं ती काढली. पडद्यावर अच्युतचा आलेख होता. सकाळपासून सुतासारखी सरळ असलेली रेघ दोन वाजल्यापासून हळूहळू झुलायला लागली होती. त्याचंही कारण विज्ञानात आहे. नाम घेताना माणूस श्वास लांब सोडतो. लांब सोडलेल्या श्वासानं मानेतून काळजाकडे जाणारा एक मज्जातंतू जागा होतो आणि ठोक्यांना लगाम घालतो. पाच जण एकत्र गायले तर पाचांचे ठोके एका लयीत चढउतार करू लागतात, हेही मोजलेलं आहे. यंत्राला मात्र मंदिर दिसत नव्हतं.

‘अचानक शांतता. नमुना ४४१७ शी साम्य ९१ टक्के. गाडी पाठवायची? हो / नाही.’

गाडी म्हणजे इस्पितळात तीन दिवस बंद खोली. काही जणांना तिचा उपयोग होतो. कुमुदनं होताना बघितला होता. पण तिची नजर आकड्यावर अडली. धाकट्या भावाच्या नाडीत थोरला उठून उभा राहिला होता. तिनं वर बघितलं. मांडवातून तिरकं ऊन अच्युतच्या खांद्यावर पडलं होतं, आणि तसा पाठमोरा तो हुबेहूब वामन दिसत होता. क्षणभर तिला वाटलं, हा वळेल आणि म्हणेल, आलीस?

ती उठून त्याच्यासमोर गेली.

“भावजी, एक विचारते. खरं सांगा. मरायचं मनात आहे?”

तार थांबली नाही. त्यानं नाम पुरं केलं.

“होतं, वहिनी. सकाळपर्यंत ठरलेलं होतं.”

“पाऱ्यात बोलू नये!” आबा पायरीवरून ओरडले.

“आणि आता?”

“आता वीणा आहे गळ्यात. चारला उतरली की मग...” तो तार छेडत राहिला. थोड्या वेळानं हळू म्हणाला, “वहिनी, त्या दिवशी एक वाजला होता. तुम्ही आला नव्हता. मी दादाकडं बघितलं. तो म्हणाला, जा रे, ठिपका हिरवा आहे, ती येईलच. आणि मी गेलो. पुढचा आलेला नसताना मी वीणा खाली ठेवली. तीन वर्षं तेच ऐकू येतंय, वीणा खाली ठेवल्याचा आवाज.”

हे दोघं तीन वर्षांत एकमेकांशी यावर एक शब्द बोलले नव्हते. दर रविवारी ती त्याला डबा द्यायची. तो डबा घासून परत करायचा आणि म्हणायचा, “भाजीत मीठ कमी.” एवढंच.

“मला उशीर झाला होता,” कुमुद म्हणाली. “दळण न्यायला थांबले. चाळीस दिवस दुपारपासून घरात कोंडून होते, भावजी. फोनवर ठिपका हिरवा दिसला आणि वाटलं, थोडा वेळ बाहेरच राहावं. मुद्दाम रेंगाळले मी. कुणालाच सांगितलं नाही.”

अच्युतनं पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडले. त्याचं नाम चढ्या आवाजात गेलं आणि खांबाजवळच्या म्हाताऱ्या जाग्या होऊन टाळ्या वाजवू लागल्या.

कुमुदनं शहाड्यांचा नियम बाजूला ठेवून पाटीवर ‘नाही’ दाबलं आणि केंद्रातल्या डॉक्टर नाझनीन मुल्ला यांना फोन लावला.

“नाझनीनताई, गाडी नको. तुम्ही या. मंदिरात या. पायातलं बाहेर काढा आणि पायरीवर बसा. त्यानं तोंडानं सांगितलंय मला.”

“तोंडानं सांगितलं ना? मग अर्धं काम झालं. त्याला नजरेआड करू नका. वीस मिनिटांत येते.”

त्या आल्या. आबांनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, “तुमचं बी नाव लिहू का पाऱ्याला?” त्या म्हणाल्या, “आबा, माझा पहारा बसून असतो.”

चार वाजले. चारचा माणूस, सुताराचा किसन, पाय धुऊन वेळेवर आला. वीणा त्याला दिली की अच्युत मोकळा होता. अच्युतचे हात वीणेच्या पट्ट्याकडं गेले.

“थांब, किसन,” कुमुद म्हणाली. “मला द्या.”

आबांनी चष्मा सावरला. “गंभिरेबाई, इथं बायकांनी वीणा... अजून कधी...”

“आबा, विण्याला गळा कळतो का, कुणाचा ते?”

“विण्याला नाही कळत. गावाला कळतो.”

“मग गावाला सांगा, वरून नाव आलंय.”

आबांनी वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “चार ते सहा, कुमुद गंभिरे. पुढं सहा ते आठ?”

“अच्युत गंभिरे.”

“वहिनी, सहाचं मी काही कबूल केलेलं नाही,” अच्युत म्हणाला.

“करू नका. मी उभी आहे.”

त्यानं वीणा तिच्या गळ्यात घातली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. तीही वाकली. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. “अजून वेंधळ्याच आहात,” तो पुटपुटला, आणि नाझनीनताईंबरोबर पिंपळाच्या पारावर जाऊन बसला.

कुमुद उभी राहिली. वीणा दिसते तशी हलकी नव्हती. पहिला तासभर बोट सोलवटत होतं, मग बधिर झालं. पार तिथून दिसत नव्हता. कानावर कधी नाझनीनताईंचा आवाज यायचा, कधी नुसती शांतता. पाच वाजले. साडेपाचला बाहेर एक गाडी सुरू झाली आणि दूर गेली. कुणाची होती ते कळलं नाही. मान वळवून विचारायची सोय नव्हती.

सहा वाजले.

कुणी आलं नाही.

सहा वाजून पाच मिनिटं झाली, मग दहा. किसन पुढं येऊन म्हणाला, “काकू, मी घेतो.” तिनं मान हलवली. आणि एक विचित्र गोष्ट घडली. भीती कमी होत गेली. तो येईल, असं तिला कुणी आतून सांगितल्यासारखं वाटायला लागलं. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, फक्त उभं राहायचं आणि वाट बघायची. श्वास लांब झाला. पांडुरंगाच्या पायांवरचं बुक्क्याचं बोट तिला स्वच्छ दिसू लागलं.

सहा वाजून सतरा मिनिटांनी ओल्या पायांचा आवाज आला.

“रडून तोंड सुजलं होतं,” अच्युत म्हणाला. “धुवायला वेळ लागला. द्या इकडं.”

सात दिवस त्याचा पहारा चुकला नाही. बाकीच्या वेळी तो कुमुदच्या घरी निजायचा आणि नाझनीनताईंकडं जायचा. औषधं सुरू झाली. ठिपका एकदम गेला नाही. तो कधी फिका, कधी गडद व्हायचा. सातव्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला मृदंगावर थाप पडली ती त्याची. बुवांनी मध्येच थांबून त्याच्या कपाळाला बुक्का लावला.

दुसऱ्या दिवशी शहाड्यांनी त्या मंगळवारचे तुकडे खुणा लावायला कुमुदकडं दिले. तिच्याही मनगटाला पट्टा होता, त्यामुळं तिचा स्वतःचाही एक तुकडा त्यात होता. सहा ते सहा सतरा. यंत्रानं खाली लिहिलं होतं :

‘अचानक शांतता. नमुना ४४१७ शी साम्य ९४ टक्के.’

ती त्या रेघेकडं बघत बसली. ही तिची रेघ होती. त्या सतरा मिनिटांत तिनं काहीही ठरवलेलं नव्हतं. ती कुणाची तरी वाट बघत होती, आणि तो येणार अशी तिची खात्री होती. बस.

मग तिनं ४४१७ उघडला. अकरा ते एक. तीच चढण, तोच झोका. जा रे, ती येईलच.

दुपारपर्यंत ती जागची हलली नाही. वामननं ठरवलं होतं म्हणून तो शांत होता, की ती यायची होती म्हणून? त्या दोन तासांत तो काय बघत होता? तिनं नाझनीनताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “कुमुद, तुम्ही वेळेवर आला असता तरी काय झालं असतं, ते कुणालाच सांगता येणार नाही. एका रेघेवर तीन वर्षं स्वतःला फाशी देत बसू नका. आणि आता दुसऱ्या रेघेवरही नको.”

कुमुदनं ४४१७ ची जुनी खूण काढली आणि चौथी लावली. शहाड्यांनी भुवया उंचावल्या. अर्जावर सही करायचं मात्र तिनं त्या दिवशीही टाळलं.

सकाळी सहाला फोन वाजला. चौथ्या खुणेचा निरोप कसा असतो ते तिनं कधीच बघितलं नव्हतं. कुठल्यातरी इंजिनियरानं कधीतरी, बहुधा घाईत, लिहून ठेवला असावा.

‘वामन सोपान गंभिरे : माहीत नाही. कृपया स्वतः जवळ जाऊन बसा.’

कुमुद उठली. त्या दिवशी अकरा ते एक वामन पुढच्या दारात, रस्ता दिसेल असा, उंबऱ्याला टेकून बसला होता. हे अच्युतनं तिला कालच सांगितलं होतं. ती तिथं गेली, दार उघडलं आणि उंबऱ्याशी डावीकडं एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसली.

आतून अच्युतचा झोपाळू आवाज आला, “वहिनी, इतक्या सकाळी कुणाची वाट बघताय?”

“या,” ती म्हणाली. “चहा ठेवा आणि तुम्हीही या. तोवर मी आहे.”